झाकली झाडी सव्वा लाखाची

डोंबिवलीच्या एका चाकरमान्याला नाताळच्या सुट्टीत एकाएकी गावची जमीन आठवली. कुडाळ तालुक्यात वीस गुंठे, त्यात आजोबांनी लावलेले चार आंबे आणि थोडे काजू. वीस गुंठे म्हणजे 21,780 चौरस फूट, त्याच्या साडेचारशे फुटी घरासारखी 48 घरं! “दोन दिवसांत साफ करून येतो,” असं त्यानं बायकोला सांगितलं. तिथं पंचवीस वर्षं कोयती फिरली नव्हती, हे मात्र सांगितलं नाही.

जागेवर पोचला तर जागाच दिसेना.

बाहेरून घाणेरी, आतून पांढऱ्या फुलांनी डवरलेली रानमोडी, मधे करवंदीच्या जाळ्या आणि या साऱ्यांना मिठी मारून बसलेली खाजकुइली. यांतल्या पहिल्या दोघी मूळच्या अमेरिका खंडातल्या. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झुडूप म्हणून कलकत्त्याच्या बागेत आली. पुढचा प्रवास बुलबुलांनी तिची काळी फळं खाऊन फुकटात घडवला. पाला विषारी, त्यामुळे गुरं सहसा तोंड लावत नाहीत. कूळकायद्याचा आधार न घेता बाई देशभर कब्जेदार झाल्या.

चाकरमान्यानं भाड्यानं ग्रासकटर आणला. पेट्रोलमध्ये ऑइल मापून घातलं, गॉगल चढवला, दोरी खेचली. यंत्र गरजलं आणि नायलॉनची तार पहिल्याच करवंदीत गुरफटून तुटली. तार सोडवताना हात खाजकुइलीच्या शेंगेला लागला. त्यानंतर तो जे नाचला, त्याला गावात दशावतारात काम मिळालं असतं.

शेवटी वाडीतला एक म्हातारा गडी कोयती घेऊन आला. यंत्राकडे बघून म्हणाला, “भाऊनू, ह्या मशीनान गवत कापतत. ही भावकी आसा, हिका हातानच सोडवक होयी.”

त्यानं आधी काठीनं पाचोळा बडवला, कारण तिथं फुरसं असतं. हातभर लांबीचं हे जनावर वेटोळ्यावर वेटोळं घासून करवतीसारखा आवाज करतं. चावलंच तर भगत शोधत बसू नये, थेट सरकारी दवाखाना गाठावा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारी एकच लस मिळते.

मग कोयती चालू लागली. उत्साहाच्या भरात चाकरमान्यानं मनगटाएवढ्या एका रोपावर घाव उगारला, तसा म्हातारा ओरडला, “ह्यो किंजळ! तोडलात तर फॉरेस्टवालो दारात उभो रवतलो.” म्हाताऱ्याचा धाक उगाच नव्हता. 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा, फणस, ऐन, खैर, किंजळ अशी झाडं आहेत. झाड आपल्या जागेतलं असलं तरी तोडायला परवानगी लागते. चाकरमान्याला ओळखू येणारं झाड एकच, आंबा. तेही मोहोर असेल तर.

चौथ्या दिवशी चिऱ्यांचा गडगा उजेडात आला. गडग्याच्या अलीकडे कुणीतरी काजूच्या दोन ओळी लावलेल्या. तासाभरात चुलतभाऊ हजर.

“दादा, हे काजू आमच्या हद्दीत कसे?”

“गडगो सरकलो आसतलो.”

संध्याकाळपर्यंत आणखी दोन पुतणे आणि एक आत्या आपापला हिस्सा विचारून गेली. सातबारावर अकरा नावं होती, हे चाकरमान्याला तेव्हा कळलं. पंचवीस वर्षं ज्या जागेकडे कुणी फिरकलं नव्हतं, ती चार दिवसांत सगळ्यांच्या जिव्हाळ्याची झाली. मोजणीचा अर्ज करायचा असं ठरवून तो डोंबिवलीला परतला.

एक गोष्ट मात्र राहिली. त्यानं घाणेरी वरून कापली होती, आणि वरून कापलेली घाणेरी खोडातून दुप्पट फुटते. तिचं मूळ मातीखाली दोन-तीन बोटं तोडून झुडूप उलटं टाकावं लागतं. कर्नाटकातले सोलिगा आदिवासी तिच्या काठ्यांचं फर्निचर करतात. निलगिरीच्या कारागिरांनी तर तिचे खऱ्या आकाराचे हत्ती घडवले, ते 2021 मध्ये लंडनच्या बागांत उभे राहिले. कुडाळातली घाणेरी अजून तेवढी परोपकारी झालेली नाही.

चतुर्थीला तो गावी गेला, तेव्हा गडगा पुन्हा दिसेनासा झाला होता. चुलतभावानं आपण होऊन मोदकांचा डबा पाठवला. रानमोडी फुलायच्या आधी, दिवाळीच्या सुमाराला, मुळासकट उपटायला ये, असं म्हाताऱ्यानं त्याला बजावलं आहे. मोजणीचा अर्ज त्यानं अजून केलेला नाही.