सातपुडा सर करायला निघालेल्या भाऊंस

समस्त फोर-बाय-फोर भाऊंना धरणगावहून सप्रेम नमस्कार.

पहिला पाऊस पडला की तुमचा ताफा आमच्या गावातून चोपड्याकडे निघतो. तापी ओलांडली, अडावद मागे पडलं, डांबर संपलं की तुमचं सुख सुरू होतं. गावातल्या उखडलेल्या सडकेवर तुम्ही नाक मुरडता आणि उनपदेवच्या पुढे जंगलात तेच खड्डे दिसले की त्याला ‘ट्रॅक’ म्हणता. असो. हौसेला मोल नसतं. तुमच्या हौसेला तर हप्तेही आहेत.

तुमच्या शौर्याला तोड नाही. 1825 मध्ये जेम्स आउट्रमने भिल्लांची पलटण उभारली ती आमच्या धरणगावात. सातपुड्यात शिरायचं तर त्या गोऱ्या साहेबालाही आधी भिल्लांशी जमवून घ्यावं लागलं, त्यांच्यासोबत शिकारीला हिंडावं लागलं. तुम्हाला असल्या भानगडी लागत नाहीत. तुमच्याकडे मोबाईलवर नकाशा आहे, चिखलाचे टायर आहेत आणि वाघाने स्वतःहून स्थलांतर करावं असा सायलेन्सर आहे.

कायद्याचं म्हणाल तर यावल अभयारण्य 1969 पासून आहे. साधारण 175 चौरस किलोमीटरचं. वन्यजीव कायदा 1972 चा, वन कायदा त्याहून जुना, 1927 चा. अभयारण्यात शिरायला परवानगी लागते, राखीव जंगलातही मनाला येईल तिकडे गाडी घालता येत नाही. पण हे नियम बहुधा पायी चालणाऱ्यांसाठी असावेत. डोक्यावर मोळी घेऊन उतरणाऱ्या पावरा आदिवासी बाईला दहा प्रश्न विचारले जातात. तुमच्या बंपरवरच्या चार दिव्यांना कोण काय विचारणार?

आता मुद्द्याचं. डोंगरउतारावर आडवे खणलेले चर तुम्ही पाहिले असतील. पाहिले म्हणजे, त्यांच्यावरून उड्या मारल्या असतील. सलग समतल चर म्हणतात त्यांना. दोनेक फूट रुंद, फूट-दीड फूट खोल, खालच्या अंगाला मातीचा बांध. चर सगळा एका पातळीत असतो, म्हणून पावसाचं पाणी त्यात थांबतं आणि मुरतं. त्या बांधाला एका जागी चाकाची खाच पडली की चरातलं पाणी तिकडेच धावतं. दोन-चार जोराच्या सरींत खाचेची घळ होते. घळीतून आलेली माती खालच्या चरात बसते; तो भरला की त्याच्या खालचा. भर पावसाळ्यात, जमीन लोण्यासारखी मऊ असताना, सरळ उताराने खाली आणलेल्या तुमच्या चाकोऱ्या म्हणजे पाण्याला आयते पाटच. ज्यांनी कुदळीने हे चर खणले त्यांची मजुरी केव्हाच खर्ची पडली. तुमच्या व्हिडिओला मात्र अजून लाईक येताहेत.

तुम्ही म्हणाल, डोंगर कुठे, आमची शेती कुठे! तर ऐका भो. चोपडा, यावल, रावेरच्या पट्ट्यात सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे-वाळूचा जाड थर पसरलेला आहे. भूजलवाले त्याला बझाडा म्हणतात. डोंगरातून नाल्याने सावकाश उतरलेलं पाणी या थरात जिरतं आणि तुमच्या ट्यूबवेलपर्यंत पोचतं. लोंढ्याने आलं तर गाळ घेऊन तडक तापीला जातं. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती केळी याच पाण्यावर उभी आहे. त्या केळीच्या पैशावर थार दारात आली. आणि थार घेऊन तुम्ही चर फोडायला गेलात. आपल्याच विहिरीचे झरे बुजवायला पदरचं डिझेल जाळणारा बागायतदार मी तरी दुसरा पाहिला नाही. आम्ही कापूसवाले कोरडवाहू. एवढी दानत आमच्यात नाही.

हिवाळ्यात जंगलात केलेल्या भरीत पार्टीबद्दल फार बोलत नाही. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजलीत, रीत सोडली नाहीत, बरं वाटलं. पत्रावळी नाल्यात सोडल्यात. उन्हाळ्यात मात्र येऊच नका. सागाचा वाळलेला पाला गुडघाभर साचलेला असतो, तापलेल्या सायलेन्सरला तेवढं निमित्त पुरतं. आणि त्याच दिवसांत पहाटे माणसं मोह वेचायला झाडाखाली असतात.

एवढं करूनही गाडीची रग जिरत नसेल तर घरचा मळा आहेच. चांगला पाऊस होऊ द्या, रान ओलं होऊ द्या, मग केळीच्या दोन ओळींमधून, ठिबकच्या नळ्यांवरून गाडी घाला. वन खात्याचा पास लागणार नाही. फक्त आधी घरच्या अप्पांना विचारा, आणि ते काय म्हणाले ते आम्हाला जरूर कळवा.

आपला,
तापीच्या अलीकडचा एक कापूसवाला,
धरणगाव