उद्यान अधीक्षकांस अनावृत पत्र

मेहेरबान उद्यान अधीक्षकसाहेबांचे सेवेशी,

कृतानेक नमस्कार विनंती विशेष. ज्या भूखंडावर जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळविण्याची भट्टी वर्षानुवर्षे धूर ओकीत होती, तेथेच चार बोटे तांबडी माती पसरून आपण बालोद्यान उभारलेत, आणि मातीतील शिसे तपासावे या आमच्या अर्जावर ‘हिरवळ व रोपे जोमदार आहेत, सबब माती निर्दोष’ असा शेरा मारून प्रकरण दप्तरदाखल केलेत, याबद्दल आपल्या वनस्पतिप्रेमाचे करावे तेवढे कौतुक थोडेच आहे. कोनशिलेवरील शुद्धलेखन, मोडकी घसरगुंडी आणि न लागणारे दिवे यांविषयी आमची तक्रार नाही. अंधार पडला की मुले निदान घरी तरी जातात.

शेऱ्यासोबत मृदा आरोग्य पत्रिका जोडण्याचीही तसदी आपण घेतलीत. 2015 साली शेतकऱ्यांसाठी सुरू झालेल्या या पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, बोरॉन असे बारा रकाने असतात. शिशाचा रकाना नसतो, कारण पीक कसे येईल एवढेच त्या बिचारीला विचारलेले असते. शिसे कुजत नाही, विरत नाही, मातीच्या कणांना चिकटून वरच्या थरातच ठाण मांडते, आणि रोपे ते मुळांपलीकडे फारसे वर चढू देत नाहीत. म्हणून अशा जमिनीतही जास्वंद खुशाल फुलते. पण जास्वंद बोटे चोखत नाही, साहेब! बोटे चोखते ते झोपाळ्याखाली, जेथे पायांनी घासून तांबडी माती झिजली आहे आणि खालची काळी राख वर आली आहे, तेथे बसून भातुकलीचा भात रांधणारे तीन वर्षांचे पोर. पोटात गेलेल्या शिशाचा प्रौढापेक्षा चार-पाच पट हिस्सा त्याचे शरीर शोषून घेते, कॅल्शियम समजून हाडांत साठविते, आणि मेंदू त्याची किंमत जन्मभर चुकती करीत राहतो. शिशाची निर्धोक मात्रा जागतिक आरोग्य संघटनेस ठाऊक नाही; आपल्या कचेरीस मात्र ती न मोजताच ठाऊक आहे. घरगुती रंगात दहा लाख भागांत 90 भागांहून अधिक शिसे नसावे असा नियम 2017 पासून अमलात आहे, म्हणून आपण कुंपणास शिसेमुक्त रंग देऊन तसा फलकही लाविलात. कुंपण सुरक्षित झाले. कुंपणाच्या आतील मुलांचे काय?

लाज वाटत नाही का, असेच विचारणार होतो. परंतु दप्तर पाहावयास मिळाले, तेव्हा आमच्या अर्जाच्या समासात आपल्या हस्ताक्षरातील पेन्सिलीची एक ओळ दिसली : ‘नमुना प्रयोगशाळेकडे पाठवावा काय?’ तिच्याखाली वरिष्ठांची तांबडी शाई : ‘तरतूद नाही.’ म्हणजे शंका आपणासही आली होती; आणि तीच माती रोज उघड्या हातांनी उकरणाऱ्या आपल्या माळ्यांची मुले अवजारांच्या खोलीशेजारीच राहतात, हेही आपण जाणता. सबब निम्मा राग वरिष्ठांकडे वर्ग करीत आहे. आपणाकडे मागणे एकच : ती ओळ शाईने, जावक क्रमांक घालून पुन्हा लिहा, म्हणजे पुढचा नकार कुणाला तरी सहीनिशी द्यावा लागेल.

कळावे. लोभ असावा, नसल्यास प्रयोगशाळेचा अहवाल असावा.

आपला,
एक करदाता