धर्मादाय ऊन

ऊन सगळ्या छपरांवर सारखंच पडतं. भेदभाव करायला सरकारी योजना आहेत. फेब्रुवारी 2024 मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटच्या घरगुती सौर संचाला 78,000 रुपये अनुदान मिळतं. उत्पन्न कोणी विचारत नाही, त्यामुळे बंगलेवालाही हक्काने रांगेत उभा राहतो. सोसायटीची लिफ्ट, जिन्यातले दिवे, गाड्यांचं चार्जिंग यांनाही किलोवॉटमागे 18,000 आहेत. कारखानदाराला अनुदान नसलं तरी 40 टक्के घसारा दाखवून तो कर वाचवतो. न्यासाचा वृद्धाश्रम मात्र कुणाचं घर नाही, आणि करमाफी असल्याने घसारा त्याच्या कामाचा नाही. त्याच्या पदरात पुण्य तेवढं!

पूर्वी अशा संस्थांनाही 30 टक्के साहाय्य मिळे; 2019 मध्ये छतावरच्या सौर कार्यक्रमाच्या दुसऱ्या टप्प्यात ते फक्त घरांपुरतं उरलं. न्यास बोगस निघतात, असा आक्षेप येईल. मान्य, कागदी संस्थांना आपल्याकडे तोटा नाही. पण कागदावर वीज तयार होत नाही; नेट मीटर एकेक युनिट मोजतो. देणगीदार आहेतच की, म्हणणाऱ्यांनी संस्थांच्या भिंतीवरचे फलक वाचावेत: सभागृह, कमान, पाणपोई. छपरावर सौर संच लावला किंवा 75 वॉटचा जुना पंखा काढून 30 वॉटचा बसवला, हे संगमरवरात कोरण्यासाठी कोण देणगी देईल? तो जुना पंखा फिरत राहतो आणि बिल आमटी-भाताच्या पैशांतून जातं. तेव्हा ते 30 टक्के परत सुरू करा, आणि हवं तर मीटर वाचूनच द्या.