शोवाला नान्या

एकट्याने सिनेमा बघणं नान्याला एकट्याने श्रीखंड खाण्यासारखं वाटतं. जमतं, पण शोभत नाही. भाड्याचा व्हीसीआर आणून एका रात्रीत तीन सिनेमे उरकायच्या काळात अख्ख्या वाडीला चटयांवर दाटीवाटीने बसवायचं काम त्याच्याकडे असे. गणपतीत रस्त्यावर पडदा लागला की उशिरा आलेल्यांना पडद्यामागे नेऊन, ‘सिनेमा तोच आहे, फक्त हीरो डावरा आहे’ असं पटवणाराही हाच.

पुढे वाडीचा टॉवर झाला. मित्र पांगले. एक नाशिकला, एक बंगळुरूला, एक पार न्यू जर्सीला. २०२०च्या टाळेबंदीत नान्याने सगळ्यांना पुन्हा एका चटईवर ओढलं. दर शनिवारी संध्याकाळी त्याचा मेसेज येऊ लागला : ‘नऊला शो. लिंक टाकलीये. जायचं असेल त्याने आधीच जाऊन या.’

पहिल्या शोला त्याने स्वतः वर्गणी भरलेल्या ॲपवरचा सिनेमा लावला आणि व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर केली. आवाज ठणठणीत आला. चित्राच्या जागी काळाकुट्ट चौकोन. या ॲपवाल्यांनी चित्राला कुलूपच घातलेलं असतं, पण नान्या ठामपणे म्हणाला, “सुरुवातीला रात्र दाखवलीये.” आम्ही वीस मिनिटं श्रद्धेने रात्र पाहिली. मग हिरॉईन म्हणाली, “बाई, काय ऊन आहे!”

पुढच्या शनिवारी त्याने तांदळाच्या डब्याला मोबाइल टेकवून त्याचं तोंड टीव्हीकडे केलं. आता चित्रही दिसत होतं, आणि कुकरच्या शिट्ट्या अधिक. मध्यंतराच्या आत वहिनी तीनदा पडद्यावरून गेल्या, एकदा ओल्या कपड्यांच्या बादलीसकट. “ही नटी कोण रे? अगदी नैसर्गिक काम करते,” न्यू जर्सीवाल्याने विचारलं. त्या रात्री नान्याला जेवण उशिरा मिळालं म्हणतात.

आमच्यात एक वकील आहे. एरवी तो आवाज बंद करून बसतो, पण त्या दिवशी त्याच्याच्याने राहवलं नाही. “नान्या, हे कॉपीराइटमध्ये बसत नाही हं.”

“मी तिकीट लावलंय का? पाच पैसे तरी घेतो का कुणाकडून? मग कसला कॉपीराइट!”

नान्याच्या कायदेशास्त्राचा हा पाया आहे. फुकट वाटलं की ते दान, आणि दानाला कोण अडवणार? वकिलाने १९५७चा कायदा काढला आणि दुसऱ्या कलमातली व्याख्या वाचून दाखवली. उपग्रह, केबल किंवा आणखी कुठल्या साधनाने एकाच वेळी एकाहून अधिक घरांत पोचवलं, की ते जनतेपर्यंत पोचवणंच धरायचं. हॉटेलच्या आणि हॉस्टेलच्या खोल्यासुद्धा त्यात आल्या. “इथे कायदा पैसे मोजत नाही, घरं मोजतो.”

“मग आम्ही सगळे एकाच घरचे!” नान्या म्हणाला. त्याच्या दृष्टीने ते खरंही होतं.

नंतर कुणीतरी त्याला सांगितलं की लग्नात, वरातीत गाणी वाजवायला कायद्याची सूट आहे. झालं. पुढच्या मेसेजात ‘आमच्या लग्नाच्या वाढदिवसानिमित्त शो’ असं आलं, आणि पुढचे चार शनिवार तोच वाढदिवस होता. ती सूट गाण्याबजावण्याला आहे, सिनेमाला नाही, आणि लग्नाला आहे, त्याच्या वाढदिवसाला नाही, हे वकिलाने पाचव्या शनिवारी सांगितलं. चार शनिवार त्यालाही सिनेमे बघायचे होते.

सरळ रस्ता होताच. टेलिपार्टी नावाची सोय आहे, आधी तिला नेटफ्लिक्स पार्टी म्हणत. ज्याची त्याची वर्गणी, ज्याच्या त्याच्या घरी सिनेमा, ती फक्त सगळ्यांचं चित्र एका वेळेला चालवते. नान्याने तोंड वाकडं केलं. “ही कसली पार्टी? हे तर टीटीएमएम!” मला मनातून वकिलाचंच पटलं होतं, सिनेमावाल्यांच्याही घरी चूल पेटायला हवी. पण नान्याच्या तोंडावर ते म्हणवलं नाही.

शेवटी वकिलानेच तोड काढली. आपल्याकडे सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षं. अत्र्यांचा ‘श्यामची आई’ १९५३चा, म्हणजे २०१३ अखेर मोकळा झाला. नान्याने माळ्यावरून दोन तबकड्यांची व्हीसीडी उतरवली, तोंडातली वाफ देऊन बनियनला पुसली आणि शो लावला. चित्र दिसलं! फक्त कुणाकडे आठ सेकंद आधी, कुणाकडे नंतर. नाशिकवाला हुंदका देई, तेव्हा बंगळुरूवाल्याचा श्याम अजून हसत असे. आणि सकाळचे पोहे खात बसलेला न्यू जर्सीवाला अश्रू गाळत म्हणाला, “असा शो पुन्हा लावा रे.”

तेवढ्यात वकील खाकरला. अमेरिकेचा हिशेब निराळा आहे. १९९६च्या सुरुवातीला ज्या परदेशी कलाकृतींचा हक्क मायदेशी शाबूत होता, त्यांना तिथे प्रकाशनापासून पंचाण्णव वर्षांचं संरक्षण मिळालं. म्हणजे नाशिकला मोकळी झालेली श्यामची आई न्यू जर्सीत २०४८ अखेरपर्यंत बांधलेली.

नान्या बराच वेळ गप्प होता. मग त्याने कॅलेंडर उघडलं. रात्री ग्रुपवर मेसेज आला : ‘न्यू जर्सीकरांसाठी खास खेळ. शनिवार, २ जानेवारी २०४९, रात्री नऊ. चष्मे सोबत आणा.’