पकड वॉरंटाचे फर्दापुरी शास्त्र

फरारी आरोपीला पैशाच्या मोबदल्यात पकडून आणणाऱ्या खाजगी इसमास अमेरिकेत ‘बाउंटी हंटर’ म्हणतात, आणि त्याच्या धंद्याचा पाया तेथील जामीन पद्धतीत आहे. त्या देशात जामीन भरून देणारी दुकाने असतात. आरोपीने जामिनाच्या रकमेच्या साधारण दहा टक्के, परत न मिळणारे शुल्क दुकानदाराला द्यायचे, दुकानदाराने पूर्ण रकमेची हमी न्यायालयाला द्यायची, आणि आरोपी तारखेला उगवला नाही तर बुडू घातलेली हमी वाचवण्यासाठी दुकानदाराने हा शिकारी त्याच्या मागावर सोडायचा, अशी ही साखळी आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८७२ साली टेलर विरुद्ध टेंटर या खटल्यात नमूद करून ठेवले की जामीनदाराला आपला आरोपी दुसऱ्या राज्यात जाऊनही धरता येतो, रविवारच्या पवित्र दिवशी धरता येतो आणि गरज पडल्यास त्याच्या घराचे दार फोडूनही धरता येतो. पोलिसाला ज्या कामासाठी कागद लागतो ते काम दुकानदाराच्या माणसाला कागदाशिवाय करता यावे, ही गोष्ट मुक्त व्यापाराच्या तत्त्वाला धरूनच आहे.

हा शिकारी राज्याची नव्हे तर राष्ट्राची सीमा ओलांडतो, तेव्हा मात्र शास्त्रार्थ अवघड होतो. १९८१ साली दोन शिकाऱ्यांनी कॅनडातील टोरांटोहून एका व्यापाऱ्याला उचलून फ्लोरिडात आणले, तेव्हा त्यांना बक्षिसाऐवजी कॅनडाच्या न्यायालयात अपहरणाच्या आरोपाला तोंड द्यावे लागले. आणि २००३ साली डुएन चॅपमन या शिकाऱ्याने मेक्सिकोतील प्वेर्तो व्हायार्ता येथे एका फरारी बलात्काऱ्यास गाठले, तेव्हा मेक्सिकोच्या पोलिसांनी पकडणारा आणि पकडलेला या दोघांनाही गजाआड केले, कारण त्या देशात हा धंदाच गुन्हा मानला जातो. सीमेपलीकडे जाऊन फरारी धरावा की धरू नये, हा प्रश्न तेव्हापासून अनिर्णित आहे.

या प्रश्नाच्या अभ्यासासाठी हेग किंवा वॉशिंग्टन येथे जाण्याचे कारण नाही. सोयगाव तालुक्यातील फर्दापूर त्यासाठी अधिक सोयीचे आहे. अजिंठ्याच्या घाटाच्या पायथ्याशी वसलेले हे गाव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्याच्या उत्तर टोकाला होते आणि पलीकडे जामनेर तालुक्यातील वाकोदच्या बाजूला इंग्रजांचा खानदेश सुरू होत असे. म्हणजे एका बाजूला गुन्हा करून दुसऱ्या बाजूला जेवायला जाता येईल, अशी ही जागा होती. आज तेथे केवळ जिल्ह्याची हद्द उरली असली तरी पाठलागाची परंपरा टिकून आहे. अजिंठा लेण्यांच्या टी-पॉइंटवर स्फटिकाचे दगड विकणारे तरुण एकदा नजरानजर झालेल्या पर्यटकाला एसटीच्या पायरीपर्यंत ज्या चिकाटीने गाठतात, ती पाहिल्यास या देशाला परकीय शिकाऱ्यांची आयात करण्याची गरज नाही, असे कोणालाही वाटेल. फरक एवढाच की हे तरुण दार फोडत नाहीत आणि भाव उतरवायला तयार असतात.

सीमापार पकडीचा सर्वांत खर्चिक प्रयोग याच वाटेने गेला, ही बाब फर्दापूरच्या अभिमानात भर घालणारी आहे. १६८१ च्या प्रारंभी औरंगजेबाचा मुलगा शहजादा अकबर याने बापाविरुद्ध बंड केले, ते फसल्यावर दुर्गादास राठोडाच्या सोबतीने तो दक्षिणेत उतरला आणि त्याने छत्रपती संभाजी महाराजांच्या राज्यात आश्रय घेतला. कोणताही समंजस बादशहा अशा वेळी एखादा सरदार पाठवून, एखादे बक्षीस लावून मोकळा झाला असता; परंतु औरंगजेब हा इतर कामांप्रमाणे हेही काम दुसऱ्यावर न सोपवणारा अधिकारी असल्याने तो जातीने निघाला, नोव्हेंबर १६८१ मध्ये बुऱ्हाणपूरला आणि मार्च १६८२ मध्ये औरंगाबादला पोहोचला. बुऱ्हाणपूर आणि औरंगाबाद यांना जोडणारी जुनी वाट अजिंठ्याच्या घाटातून जाते आणि त्या काळाची साक्ष म्हणून फर्दापुरात मोगली सराई, म्हणजे प्रवाशांच्या मुक्कामाची तटबंद जागा, आजही दाखवली जाते.

पुढील तपशील प्रत्येक तपास अधिकाऱ्याने अभ्यासावा असा आहे. आरोपी सापडत नाही म्हणून बादशहाने १६८६ साली विजापूरचे आणि १६८७ साली गोवळकोंड्याचे राज्य जप्त केले, ज्या राज्यांचा आरोपीच्या पलायनाशी असलेला संबंध फार तर शेजारधर्मापुरता होता. दरम्यान १६८७ सालीच आरोपी कोकणातील राजापूर बंदरातून जहाजात बसून इराणला निघून गेला. तपास तरीही बंद झाला नाही, कारण एकदा बाहेर पडलेल्या सरकारी पथकाला परतण्याचे कारण शोधावे लागते आणि तसे कारण बादशहाला सापडले नाही. मराठ्यांनी ते सापडू दिले नाही असे म्हणणे इतिहासाला अधिक धरून होईल. १७०७ साली बादशहा अहमदनगरजवळ वारला, मुलगा त्याआधीच इराणात वारला होता, आणि खुलताबादच्या साध्या कबरीत या पंचवीस वर्षांच्या प्रवासाचे बिल मिटवले गेले. दिल्लीचे तख्त रिकामे ठेवून एका फराऱ्यामागे सीमा ओलांडल्यास साम्राज्याचे काय होते, याचे याहून विस्तृत प्रात्यक्षिक उपलब्ध नाही, तरीही सीमापार कारवाईचे समर्थक हे उदाहरण देत नाहीत.

त्यानंतर या परिसरात आलेला नामांकित शिकारी म्हणजे मद्रास घोडदळाचा अधिकारी जॉन स्मिथ. तो १८१९ च्या एप्रिलमध्ये वाघाच्या मागे आला, वाघाचे पुढे काय झाले यात इतिहासाला रस उरला नाही, परंतु लेणी ‘सापडली’ आणि दहाव्या लेण्याच्या खांबावर स्मिथने स्वतःचे नाव व तारीख कोरली. ज्याच्या शोधात निघावे ते सोडून भलतेच हाती लागावे आणि त्यावर आपले नाव लिहून मोकळे व्हावे, हा या व्यवसायाचा स्थायीभाव दिसतो. आजूबाजूच्या गावांना ती लेणी आधीपासून ठाऊक होती, परंतु ठाऊक असणे हा शोध नव्हे.

इंग्रजी अमलात बक्षीस ही सरकारी कारभाराची नेहमीची बाब झाली. वासुदेव बळवंत फडके यांच्यावर मुंबई सरकारने १८७९ साली इनाम लावले, तेव्हा फडक्यांनी उलट गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांच्या डोक्यावर इनाम जाहीर केले. दोन्ही पक्षांनी एकमेकांचा भाव ठरवल्याचे हे दुर्मीळ उदाहरण असून, दरपत्रक एकतर्फी असू नये हे तत्त्व त्यातून प्रस्थापित होते. फडके निजामाच्या मुलखात गेले तेव्हा हद्द आड आली नाही. मेजर डॅनियल आणि निजामाचा पोलीस अधिकारी अब्दुल हक यांनी मिळून माग काढला आणि जुलै १८७९ मध्ये विजापूरकडील देवर नावदगी येथील देवळात तापाने फणफणलेल्या, झोपलेल्या माणसाला पकडले. सीमा कोणासाठी असते याचे उत्तर येथे मिळते. ती फराऱ्याला लांबून दिलासा देणारी गोष्ट असते आणि दोन सरकारांचे पटत असेल तर ती नकाशावरील शाई असते. १८९७ साली पुण्यात प्लेग अधिकारी रँड याचा वध झाल्यानंतर मारेकऱ्यांची माहिती देणाऱ्यास २०,००० रुपये जाहीर झाले, त्या माहितीच्या बाजारात उतरलेल्या द्रविड बंधूंना १८९९ साली पुण्यात गोळ्या घालण्यात आल्या आणि बक्षिसाबरोबर विम्याची तरतूद नसल्याची उणीव प्रथमच ठळकपणे समोर आली. रँडच्या मारेकऱ्यांपैकी बाळकृष्ण चापेकरांनीही आसऱ्यासाठी निजामाचाच मुलूख निवडला होता.

सीमापार पकडीच्या कायदेशीर बाजूला महाराष्ट्राने दिलेले योगदान तर जगाच्या पाठ्यपुस्तकांत आहे. ८ जुलै १९१० रोजी विनायक दामोदर सावरकर मार्सेय बंदरात ‘मोरिया’ जहाजातून उडी मारून फ्रान्सच्या भूमीवर पोहोचले आणि एका फ्रेंच शिपायाने त्यांना पकडून पुन्हा ब्रिटिशांच्या हवाली केले. फ्रान्सने तक्रार केली, प्रकरण हेग येथील लवाद न्यायालयात गेले आणि २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल लागला की हवाली करण्यात अनियमितता झाली असली तरी कैदी परत करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही. चुकीच्या मार्गाने आलेला माल चुकीचा ठरत नाही, असा याचा सोपा अर्थ आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली मेक्सिकोतून पळवून आणलेल्या एका डॉक्टरच्या बाबतीत असाच सूर लावला. गावच्या चावडीवर चोरीचा बैल विकत घेणाऱ्याला मात्र अद्याप हा युक्तिवाद वापरता येत नाही.

स्वतंत्र भारताच्या कायद्यात शिकाऱ्याची व्यवस्था आहे, परंतु ती पोटापाण्याची नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार कोणाही खाजगी व्यक्तीला उद्घोषित गुन्हेगारास, म्हणजे न्यायालयाने जाहीरनामा काढूनही हजर न झालेल्या आरोपीस, अटक करता येते. मात्र त्याला सहा तासांच्या आत पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. ही मुदत ठरवणाऱ्यांनी छत्रपती संभाजीनगर–जळगाव रस्त्याचे काम वर्षानुवर्षे रखडले होते त्या काळात गुन्हेगार सोबत घेऊन अजिंठा घाट चढून पाहिलेला नसावा. सुदैवाने फर्दापुरातच पोलीस ठाणे आहे.

भारतातील खरा शिकारी अर्थात जामीनदार हाच होय. येथे जामिनाचे दुकान नसते. येथे चुलता असतो, मेव्हणा असतो, किंवा निवडणुकीत उपकार झालेला कोणी ग्रामपंचायत सदस्य असतो, जो सातबाराचा उतारा आणि तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला घेऊन न्यायालयात उभा राहतो आणि आरोपी तारखेला हजर राहील असे लिहून देतो. त्याला दहा टक्के मिळत नाहीत. दोन टक्केही नाहीत. आरोपीकडून फार तर कोर्टासमोरच्या हॉटेलात एक चहा मिळतो आणि त्याचे पैसेही पुष्कळदा जामीनदारच देतो. आरोपी पसार झाला की जामीनकीची रक्कम जप्त होऊ घातल्याची नोटीस याच्या नावाने निघते, आणि मग हा मनुष्य सिल्लोड, भोकरदन, जामनेर असा नातेवाइकांच्या दारोदार हिंडत ‘तेवढं तारखेला ये रे बाबा’ म्हणत फिरतो. त्याला दार फोडण्याचा हक्क नाही, कारण ते दार बहुधा त्याच्या बहिणीचे असते. अमेरिकी शिकाऱ्यांवर दूरदर्शन मालिका निघाल्या. भोकरदनपर्यंत पाठलाग करणाऱ्या या मेव्हण्यावर मालिका निघालेली नाही, आणि तो ज्याच्या मागे असतो त्याने केलेला गुन्हाही पुष्कळदा बांधावरच्या भांडणाएवढाच असतो.

मोठ्या फराऱ्यांची व्यवस्था वेगळी आहे. राष्ट्रीय तपास संस्थेने २०२२ साली दाऊद इब्राहिमसाठी २५ लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले, एवढ्या रकमेत तो ज्या मुंबईतून गेला त्या मुंबईत एक खोली घेऊन दाखवावी. रँडच्या मारेकऱ्यांसाठी १८९७ चे २०,००० आणि १९९३ च्या स्फोटांच्या मुख्य आरोपीसाठी २०२२ चे २५ लाख, या दोन आकड्यांमधील महागाईचा हिशेब अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अवश्य करावा. बँकेच्या पैशांसह गेलेल्यांचे तर सीमेशी विशेष सख्य असते. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाउस शाखेच्या प्रकरणातील आरोपी मेहुल चोक्सी जानेवारी २०१८ मध्ये देशाबाहेर गेला, त्यापूर्वीच नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याने अँटिग्वाचे नागरिकत्व घेऊन ठेवले होते, आणि मे २०२१ मध्ये तो तेथून शेजारच्या डॉमिनिका बेटावर प्रकट झाला. आपल्याला पळवून आणले असा त्याचा दावा आहे. भारतातून गेलेले एक खाजगी विमान तेथील धावपट्टीवर काही दिवस थांबून रिकामे परतले. एप्रिल २०२५ मध्ये तो बेल्जियममध्ये पकडला गेला, तेव्हा ते काम बेल्जियमच्या पोलिसांनी भारताच्या विनंतीवरून, कागदोपत्री आणि रात्री कोणाचे दार न फोडता केले, ही गोष्ट शिकारीच्या पुरस्कर्त्यांना फारच नीरस वाटली असणार.

या साऱ्या गोंधळावर उत्तर मात्र फार जुने आहे आणि ते याच मुलखात सापडते. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखावर १८१९ साली लिहिलेल्या अहवालात गावराखणदाराचे काम नोंदवलेले आहे. चोरी झाली की त्याने चोराच्या पावलांचा माग काढत गावच्या शिवेपर्यंत, म्हणजे हद्दीपर्यंत जायचे आणि तेथे थांबून पुढचा माग शेजारच्या गावाच्या राखणदाराच्या हवाली करायचा. पलीकडच्याने तो पुढे न्यायचा, आणि ज्याच्या हद्दीत माग हरवेल त्या गावाने नुकसान भरून द्यायचे, असा हा रिवाज होता. शिकाऱ्याला शीव ओलांडण्याचा मोह होत नसे, कारण त्याचा हिशेब शिवेवर संपत असे, आणि शेजारच्या गावाला चोर लपवण्याचा मोह होत नसे, कारण लपवलेल्या चोराची किंमत गावाच्याच वर्गणीतून जाई. हेगच्या लवादाने, वॉशिंग्टनच्या न्यायमूर्तींनी आणि अमेरिकी दुकानदारांनी मिळून जे साधले नाही, ते दोन गावांच्या राखणदारांनी बांधावर बसून साधले होते.

हा रिवाज आंतरराष्ट्रीय स्तरावर लागू केल्यास कर्जबुडव्यांचा माग लंडनच्या शिवेवर पोहोचला की पुढील जबाबदारी लंडनची आणि माग तेथे थंडावला तर बुडालेल्या कर्जाएवढी वर्गणी वेस्टमिन्स्टर परिसरातील रहिवाशांकडून, असे सरळ समीकरण मांडता येते. अँटिग्वासारख्या नागरिकत्व विकणाऱ्या बेटांना तर विक्रीपूर्वी गिऱ्हाइकाच्या पावलांचे ठसे तपासणे भाग पडेल. अडचण आहे ती अंमलबजावणीची. त्या राखणदाराचा, म्हणजे जागल्याचा, आजचा वारस म्हणजे गावचा कोतवाल, ज्याला अलीकडे ‘महसूल सेवक’ असे भारदस्त नाव मिळाले, परंतु ज्याची चतुर्थ श्रेणीची मागणी मोर्चांनंतर मोर्चे निघूनही मार्गी लागलेली नाही. माग घेऊन त्याने परदेशाच्या शिवेपर्यंत जावे असे ठरल्यास प्रवासभत्त्याचा प्रस्ताव तलाठ्याकडून मंडळ अधिकाऱ्याकडे, तेथून सोयगाव तहसीलकडे, तेथून जिल्हाधिकारी कार्यालयाकडे आणि तेथून अभिप्रायासाठी वित्त विभागाकडे जाईल, आणि वित्त विभाग प्रथम हे विचारील की मानधनावर काम करणाऱ्या इसमास जिल्ह्याबाहेरचा प्रवासभत्ता कोणत्या शासन निर्णयान्वये देय आहे.