नानांच्या पाहण्यात

प्रत्येक सोसायटीत तीन निवृत्त गृहस्थ असतात. एक गळती शोधतात, एक पार्किंगवर डोळा ठेवतात आणि एक ऐतिहासिक मालिका सुचवतात. पहिल्या दोघांना चुकवता येतं. तिसरे आमचे नाना. ते लिफ्टमध्ये गाठतात.

"काय बघताय सध्या?" उत्तर काहीही द्या, नानांचा चेहरा उतरतो. मग उपवर मुलीला स्थळ सुचवावं तसं त्यांचं सुरू होतं. आधी घराणं, रूप मागाहून. "'स्वामी' घ्या. १९८७, दूरदर्शन. कादंबरी रणजित देसाईंची, दिग्दर्शन गजानन जागीरदारांचं. जागीरदार म्हणजे कोण? १९४४च्या 'रामशास्त्री'तले रामशास्त्री! माणूस मुळात त्याच दरबारातला हो." चौथा मजला येतो तेव्हा पानिपत जेमतेम आटोपलेलं असतं आणि सोळा वर्षांचे माधवराव गादीवर बसायचे असतात. नाना दारात पाय अडकवून उभे राहतात. वरच्या मजल्यांवरचे लोक मुकाट्याने जिना धरतात.

मालिकेसोबत नाना तिचा पुढचा इतिहासही देतात. "यातले माधवराव-रमाबाई, म्हणजे रवींद्र मंकणी आणि मृणाल देव, २०१४च्या 'रमा माधव' चित्रपटात नानासाहेब आणि गोपिकाबाई झाले. कालची सून आज सासू! आमच्या खात्यात इतकी बढती कुणाला मिळाली नाही."

"शेवट तेवढा सांगू नका," असं म्हटलं की ते दुखावतात. "इतिहासात कसला आलाय सस्पेन्स? १८ नोव्हेंबर १७७२, थेऊर. झालं." हे तत्त्व त्यांनी इतिहासापुरतंच ठेवलं असतं तर सोसायटीने सोसलं असतं. पण पाचव्या मजल्यावरच्या नव्या जोडप्याला त्यांनी 'डाउन्टन ॲबी' सुचवली आणि पहिल्या दिवशी 'सुरुवात नीट होतेय ना' ते पाहायला स्वतः जाऊन बसले. टायटॅनिक बुडाल्याची बातमी येते, वाड्याचा वारस त्यात गेलेला असतो, म्हणून दूरच्या नात्यातल्या मॅथ्यूला शोधून काढतात. मॅथ्यू पडद्यावर येतो न येतो तोच नाना चहाचा घोट घेत म्हणाले, "याच्यात फार जीव गुंतवू नका. मोटार अपघातात जातो." नव्या सूनबाईंनी बिस्किटांची बशी उचलून आत नेली.

नानांनी सुचवलेली मालिका म्हणजे नुसतं नाव नव्हे, तो अभ्यासक्रम असतो. 'भारत एक खोज' ५३ भागांची, श्याम बेनेगलांची. रोज एकच भाग, जेवताना नाही, हातात फोन नको. आठवड्याने तोंडी परीक्षा. "शिवाजी महाराज कोण झालंय?" नसीरुद्दीन शाह. "आणि औरंगजेब?" ओम पुरी. हल्ली लोक भाग पाहत नाहीत, उत्तरं पाठ करतात. नाना सगळ्यांना पास करतात आणि 'तमस'ला बसवतात.

घरी मात्र त्यांची डाळ शिजत नाही. काकू 'उंच माझा झोका' जुन्या भागांपासून पुन्हा पाहत होत्या. नाना रिमोट हातात घेऊन दर दोन मिनिटांनी चित्र थांबवून पगडीतली, पदरातली आणि भिंतीवरच्या घड्याळातली खोट काढत होते. काकू शेवटी म्हणाल्या, "न्यायमूर्तींनी बायकोला शिकवलं. तुम्ही टीव्हीला शिकवताय." नानांनी रिमोट ठेवला आणि चष्मा पुसायला घेतला.

त्यांना खरं आव्हान दिलं ते तिसऱ्या मजल्यावरच्या कॉलेजकन्येने, आणि तेही त्यांच्याच थाटात. "नाना, 'ज्युएल इन द पॅलेस' पाहा. दक्षिण कोरिया, २००३. राजवाड्याच्या मुदपाकखान्यातली मुलगी पुढे राजवैद्य होते. ५४ भाग."

नाना आयुष्यात कुणाच्या सांगण्यावरून काही पाहत नाहीत. मुदपाकखाना ऐकून त्यांनी नाक मुरडलंच होतं. पण आकडा त्यांना लागला. "५४? 'खोज'पेक्षा एक जास्त?"

तो जास्तीचा भाग कशाला घातलाय, एवढंच बघायचं म्हणून ते बसले. मग त्यांच्या दिवाणखान्यातला दिवा रात्री दोनपर्यंत जळू लागला. सकाळचं फिरणं बुडालं. काकूंना त्यांनी भाजी खाऊन चक्क तिच्यातला मसाला ओळखून दाखवला. काकू म्हणाल्या, लग्नानंतर पहिल्यांदा.

महिन्याभराने तीच मुलगी लिफ्टमध्ये सापडली. नानांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं.

"काय बघतेस सध्या?" ते म्हणाले. "माझ्या पाहण्यात एक आहे. कोरियन. तुमच्या पिढीला झेपेल असं नाही, पण घराणं उत्तम. आणि हो, शेवटी ती राजवैद्य होते."