तायपानची वकिली

ज्या प्राण्यांना माणसाने आजवर बाजू मांडण्याची संधी न देता काठी, चप्पल अथवा केरसुणी यांपैकी हाताशी येईल त्या शस्त्राने निकालात काढले, त्यांच्या वतीने दाद मागणारा 'बॅक टू द आउटबॅक' हा अ‍ॅनिमेशनपट नेटफ्लिक्सने २०२१ साली प्रसिद्ध केला. आणि तो मी केवळ नातीच्या आग्रहाखातर पाहिला असला, तरी उभी हयात दिवाणी न्यायालयाच्या शिरस्त्यात घालवल्यामुळे त्यातील एकंदर कामकाजाविषयी चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला पोचतो, अशी माझी समजूत आहे.

अर्जदारांचे म्हणणे थोडक्यात असे. सिडनीच्या एका प्राणिसंग्रहालयात मॅडी नावाची तायपान सर्पिणी, झोई नावाची काटेरी सरडी, फ्रँक नावाचा फनेल-वेब कोळी आणि नायजेल नावाचा विंचू ही मंडळी काचेआड नांदत असून, स्वभावाने अत्यंत मवाळ असताही रोज प्रेक्षकांच्या किंकाळ्या ऐकणे एवढेच त्यांच्या ललाटी लिहिलेले आहे. जॅकी या वृद्ध मगरीने तर संकटात सापडलेल्या एका मुलाला वाचवू पाहिले, तेव्हा लोकांनी तोच हल्ला ठरवून तिची उचलबांगडी केली. पंचनामा नाही, साक्षीपुरावा नाही, उलटतपासणी नाही. तेव्हा ही मंडळी फरारी होऊन आउटबॅकची वाट धरतात आणि प्रिटी बॉय नावाचा, लोकप्रियतेने पुरता बिघडलेला एक कोआला नाइलाजाने त्यांच्या गळ्यात पडतो.

इथवर माझी सहानुभूती सर्वस्वी अर्जदारांकडे होती. हरकत आहे ती वकिलांच्या रीतीला. वास्तविक तायपान हा तपकिरी अंगाचा आणि सर्व सापांप्रमाणे पापण्याच नसलेला, म्हणजे आमच्या एका जुन्या न्यायाधीशांसारखा, कोणत्याही युक्तिवादाने ज्याचे पाते लवत नाही असा प्राणी. परंतु रूपावरून कोणाची पारख करू नये असे घसा कोरडा करून सांगणाऱ्या या पक्षाने आपल्या अशिलास कोर्टात उभे करण्यापूर्वी टपोरे डोळे, उघडमीट करणाऱ्या पापण्या आणि इस्ला फिशर या अभिनेत्रीचा आर्जवी आवाज बहाल केला. ज्या कलमाखाली दाद मागितली, त्याच कलमाचा हा भंग नव्हे काय?

फ्रँकच्या बाबतीत मात्र निर्मात्यांनी दप्तर चाळलेले दिसते. तो सदैव प्रणयविव्हल दाखवला आहे, आणि या जातीचे नर खरोखरच हंगामात बीळ सोडून मादीच्या शोधात भटकतात व भटकता भटकता लोकांच्या घरांत शिरतात. वर त्यांचे विष मादीहून कितीतरी जहाल. सिडनीच्या या कोळ्याचे विष माणसाला आणि माकडाला विशेष बाधते, सशाला फारसे बाधत नाही. आता ज्या खंडात मूळची माकडेच नाहीत, तेथे निसर्गाने हे कलम कोणासाठी घातले, ते निसर्गच जाणे. त्यावर १९८१ साली प्रतिविष निघाले, तेही या निर्विकार सशांच्याच रक्तातून. आणि तेव्हापासून त्या दंशाने कोणी दगावल्याची नोंद नाही.

कोआलाचे प्रकरण अधिक नाजूक. निलगिरीची जी पाने इतर बहुतेक प्राण्यांना बाधतील, ती पचवून दिवसाचे अठरा-वीस तास निद्रा घेणे हा त्याचा वंशपरंपरागत पेशा. म्हणजे सबंध टोळीत रोज विष खाऊन जगणारा इसम हाच, आणि लौकिक मात्र गोजिरवाणेपणाचा! त्याची नखे बहुधा कोणी पाहतच नसावे.

तायपानची खरी वकिली करणारा मनुष्य ऑस्ट्रेलियात या चित्रपटाच्या फार आधी होऊन गेला. १९५० साली केविन बडन या वीस वर्षांच्या तरुणाने विषाच्या अभ्यासासाठी केर्न्स येथे एक जिवंत तायपान पकडला. तो त्याच्या हाताला डसला, आणि दुसऱ्या दिवशी प्राण जाण्यापूर्वी, साप मारू नका, त्याला संशोधनासाठी रवाना करा, असे त्याने बजावले. तो साप मेलबर्नला पोचला, त्याचे विष काढण्यात आले आणि १९५५ साली प्रतिविष तयार झाले. त्या सापाचे डोळे टपोरे होते किंवा कसे, याची बडनने विचारपूस केल्याचे कोठेही नमूद नाही.

ऑस्ट्रेलियात सर्पदंशाने वर्षाकाठी सरासरी दोन-तीन माणसे जातात. आपल्या देशात २००० ते २०१९ या काळात अंदाजे बारा लाख गेली. लौकिक त्यांच्या सापांचा, मृत्यूची वही आमची. कारण त्यांचा सर्वांत विषारी तायपान निर्मनुष्य माळावर राहतो, आणि आमचे नाग, मण्यार, घोणस व फुरसे भाताच्या खाचरात आणि सरपणाच्या ढिगात. म्हणून, 'आजोबा, सगळे साप चांगलेच असतात!' असा निकाल नातीने चित्रपट संपताक्षणी जाहीर केला, तेव्हा सुट्टीत कोकणात जायचे असल्याचे ध्यानी घेऊन, 'साप चांगला असतो, पण लांबूनच चांगला असतो,' अशी दुरुस्ती मी त्यात तातडीने सुचवली. ती तिने मान्य केली. मात्र त्या मोबदल्यात स्वयंपाकघरातील ट्यूबलाइटमागे राहणाऱ्या पालीस अभय मिळावे, असा अर्ज गुदरला.

त्या दालनातील अर्जांवर शेरा मारण्याचा अधिकार मला कधीच नव्हता. माझी उपरोक्त हरकत ऐकून ऐकून कंटाळलेल्या आमच्या सौभाग्यवती केरसुणीनिशीच तेथे हजर होत्या.

"अहो, सांगा तिला," त्या म्हणाल्या, "त्या बयेला म्हणावं, आधी डोळे मोठे करून ये. मग बघू."